शेपूट राहिलं

आलिआगाच्या बंदरातून निघून आज चौथी रात्र.
पुढे हुलुसी, केबिनमध्ये, हीटर लावून.
मागे, त्र्याहत्तर मीटर मागे,
रिफ्की. पायी.
गळ्यात अडकवलेला रिमोट, त्यावर दोन दांड्या
मागची चाकं वळवायला.
एकाच गाडीचे दोघं चालक,
वळणावर एकमेकांना दिसत नाहीत.
वॉकीटॉकी खरखरते: आलं का?
नाही अजून. थांब.

पातं पांढरं, आतून पोकळ.
हे ठाऊक असूनही रिफ्की
थांबला की एकदा टिचकी मारून बघतो,
कलिंगड वाजवतात तशी.

परवा वारा सुटला.
ठरल्या आकड्यापुढे काटा गेला की हलायचं नाही.
वाऱ्यावर पोट भरायला निघालेली वस्तू
वाऱ्याला भिऊन
कापसाच्या शेताकडेला दोन दिवस पडून राहिली.
गावची पोरं आली, पावलांनी मोजू लागली.
एकाची ब्याण्णव भरली, एकाची एकशे आठ,
त्यावरून मारामारी.
मुख्तार आला, चहा प्याला, म्हणाला,
ह्यातली वीज आमच्याकडे येणार का?
हुलुसी म्हणाला, आम्ही नुसतं नेऊन टाकतो.

कोजाकुयूत माणसं आधीच येऊन गेली होती.
चौकातला कारंज्याचा गोल फोडून सपाट केलेला,
दिव्याचे सात खांब उपटून
गटाराकडेला आडवे निजवलेले,
'थांबा'ची पाटी काढून बेकरीच्या भिंतीला टेकवलेली.
सगळं मोजलं होतं.
बेकरीवरची नाजमियेची गॅलरी तेवढी नव्हती मोजली,
कारण नकाशात ती नव्हतीच;
जावयानं दोन उन्हाळ्यांपूर्वी काढली होती,
कुणाला न विचारता.

रात्रीचे पावणेतीन.
पायजम्यातली माणसं, पिठाच्या हातांचा शाबान,
लांब काठीनं वायर उचलून धरलेला वीजवाला,
मान वर, तोंड उघडं.
केबिन वळली. इंजिन गेलं. साठ मीटर गेले.
मग रिफ्कीनं मूठ वर केली.

आपल्याकडे म्हणतात, हत्ती गेला, शेपूट राहिलं.
तिकडेही काहीतरी म्हणत असतील;
रिफ्की जे म्हणाला ते मात्र
इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढचं डावीकडे ओढावं तर मागचं उजवीकडे झुलतं,
आणि खालून दिसत नाही
टोक आणि लोखंड यांच्यामध्ये काय उरलंय.

दार वाजलं. नाजमिये बाहेर आली, रात्रीच्या गाउनवर स्वेटर.
कुणी काही सांगितलं नव्हतं.
तेलाच्या डब्यांत लावलेली जिरेनियमं
एकेक करून आत नेली.
दोरीवरची मोज्यांची जोडी काढली.
मग कठड्यावरून वाकून,
सुईत दोरा ओवताना बारीक करतात तसे डोळे करून,
ओरडली:
ये. ये. चार बोटं आहेत अजून.
तीन. ये म्हणते ना! 
हां… थांब, मेल्या, थांब!
आता तुझ्या डाव्या हाताला. जरासं. मिठाइतकं.

अकरा वर्षं रिफ्की ह्या शेपटीमागे चालतोय.
पहिल्यांदाच त्यानं रिमोटवरची नजर उचलली
आणि नुसत्या आवाजावर
चोवीस चाकं वळवली.

टोक तिच्या छातीसमोरून सरकत गेलं,
लाल कापड बांधलेलं.
तिनं तळवा ठेवला. चालत्या पात्यावर, क्षणभर.
गारच आहे की, म्हणाली,
कुणाला, कोण जाणे.

वॉकीटॉकी: आलं का?
आलं.

शाबाननं दोन गरम पाव कागदात बांधून दिले.
पुढे घाट होता, अठरा वळणं,
आणि डोंगरावर हे पातं फिरेल तेव्हा
रिफ्की बंदरात
पुढच्याच्या शेपटीपाशी उभा असेल.
आजवर एकही फिरताना पाहिलेलं नाही त्यानं.
विचारलं तर खांदे उडवतो.

नाजमियेनं डबे बाहेर मांडले. क्रम चुकला.
खांब अजून आडवेच.
साडेसहाची पहिली मिनीबस चौकात आली,
पाटी नव्हती,
तरी थांबली.